तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ओझं डोंगरावर नेता तरी कसं?

ट्रायपॉडवर लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि कापडात डोकं खुपसलेला मी. हे पाहून वाटेवरचा माणूस थांबतोच. ‘हा अजून चालतो?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नाला मी नुसता हसतो. दुसरा ठरलेला असतो: ‘एवढं सगळं वर आणता कसं?’ त्याचं उत्तर लांबतं, म्हणून लिहूनच टाकतो.

वजनाचा लोक उगाच धसका घेतात. ४ बाय ५ इंची शीट फिल्मचा (रीळ नव्हे, एकेक सुटी फिल्म) माझा घडीचा कॅमेरा मिटला की जाड शब्दकोशाएवढा होतो आणि दोन किलोंच्या आत बसतो. दोन लेन्स, प्रकाश मोजायचा लाइट मीटर, भिंग, फिल्म ठेवायचे सहा चपटे प्रकाशबंद होल्डर आणि ट्रायपॉड धरून सगळं दहा किलोंच्या आसपास जातं. १८६१ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स फिल्मऐवजी १८ बाय २२ इंची काचा घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत गेला होता, तेही खेचरांवर लादून. त्यापुढे माझी सॅक म्हणजे दप्तर.

खरा त्रास उपसण्याचा. ऊन डोंगराच्या कडेवरून सरकायला लागलंय आणि आपण सॅक पालथी घालून केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) शोधतोय, हे मी पुष्कळदा केलंय. आता आधी लागणारी वस्तू वर. कॅमेरा काळ्या कापडातच गुंडाळतो, म्हणजे कापडाची वेगळी जागा लागत नाही. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या ज्या दुधी काचेवर चित्र दिसतं तिच्यावर, पुठ्ठा बांधतो आणि ती बाजू माझ्या पाठीकडे ठेवतो. सॅक दगडावर आपटली तरी काच वाचते. लेन्स कॅमेऱ्यावर ठेवून चालायचं नाही. ती ज्या फळीवर बसवलेली असते त्या लेन्सबोर्डासकट काढून वेगळी गुंडाळायची. केबल रिलीज आता खिशात असते. सॅकमध्ये ती कधीच सापडत नाही.

सगळ्यात जास्त जपायचे ते होल्डर. एकेकात दोन फिल्म, पुढून एक, मागून एक. प्रत्येक होल्डर वेगळ्या झिपच्या पिशवीत, कारण फिल्मवर बसलेला धुळीचा एक कण तेवढा प्रकाश अडवतो आणि प्रिंटमध्ये आकाशात काळा ठिपका उगवतो. होल्डरमधली फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीच्या, म्हणजे डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी. फोटो झाला की स्लाइड उलटी करून काळी बाहेर आणायची. एकदा घाईत तशीच सरकवली आणि होल्डर बाकीच्यांत मिसळला. घरी फिल्म धुतल्यावर धबधब्याच्या मधोमध एक निष्पर्ण झाड उभं! तेव्हापासून झालेले होल्डर सॅकच्या दुसऱ्या कप्प्यात, आणि तो घरीच उघडायचा.

बारा फिल्म पुरतात का? अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या सुळक्याचा फोटो काढायला त्याच्या बाजूच्या कड्यावर चढला, तो बारा काचा घेऊनच. शेवटी दोन उरल्या. पहिलीला पिवळा फिल्टर लावला, मन भरलं नाही. दुसरीला गडद लाल लावला आणि काळ्याशार आकाशाचा त्याचा तो प्रसिद्ध फोटो झाला. मी तर बऱ्याचदा आठ कोऱ्या परत आणतो.

तिसरी लेन्सही आहे माझ्याकडे, लांब पल्ल्याची आणि चांगलीच जड. ती घरी राहते. जिथे तिची गरज भासते तिथे मी चार पावलं पुढे जातो. पुढे दरी असेल तर सॅक न उघडताच बसून पाणी पितो.