चारला निघणारी बाई

लिफ्टचं दार बंद होता होता सर म्हणाले, "मजा आहे बुवा तुमची, चारलाच निघालात!" बाकीचे हसले. मीही हसले, सवयीने.

सकाळी सातला लॉगिन केलं होतं, सिंगापूरच्या क्लायंटसाठी. कानात इअरफोन, एका हाताने लेकीच्या पोळीला तूप लावणं चालू, आणि तोंडाने 'येस, नोटेड'. तेव्हा कुणी म्हणत नाही, "आज लवकर?" सातला बघायला असतं कोण? चारला मात्र अख्खं ऑफिस असतं.

बरं, हे कुणाचे उपकारही नाहीत. सगळं लेखी ठरलंय, पगार 80 टक्के झालाय. काम तेवढं शंभरावरच राहिलंय. ते कमी करायचं कुणाला सुचलंच नाही!

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, त्याची खूप चर्चा झाली. रजेनंतर घरून काम करायची तरतूदही त्यातच होती, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं जमलं तर. तीही फक्त आईसाठी.

ओळखीतला एक जण वडिलांच्या डायलिसिसला घेऊन जायला लवकर निघतो. ऑफिसात सांगतो, "क्लायंटकडे जातोय." खरं कारण सांगितलं की प्रमोशनच्या यादीत नाव मागे जातं म्हणे.

तुमच्याकडे कुणा पुरुषाने उघडपणे अशा वेळा मागितल्यात का? आणि मिळाल्या का?