वादळ ओसरतानाचा आलेख

मंडळी, ऑक्टोबर 2024च्या चुंबकीय वादळाची, म्हणजे सौर वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेल्या उलथापालथीची, कोल्हापुरातली नोंद अखेर साफ करून झाली. मांडणी नेहमीचीच: चुंबकीय क्षेत्र मोजणारा आरएम-3100 सेन्सर प्लास्टिकच्या पाइपात घालून परसात पुरलेला, वायर घरातल्या ईएसपी-32 या छोट्या नियंत्रक बोर्डापर्यंत, आणि मिनिटा-मिनिटाची सरासरी.

10 तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास धक्का आला. 11ला सकाळी सातच्या आसपास डीएसटी निर्देशांक (वादळाच्या तीव्रतेचं जागतिक माप) उणे 330 नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) जवळ गेला. माझ्याकडचा खड्डा त्याहून उथळ निघाला, आणि तसाच निघायला हवा. वादळ चढत असताना पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह, म्हणजे वलयात फिरणाऱ्या भारित कणांचा, जमिनीवरचं क्षेत्र घटवणारा विद्युतप्रवाह, सगळीकडे सारखा नसतो. संध्याकाळच्या बाजूला तो तगडा असतो, आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. ओसरताना मात्र कण फिरून फिरून वलय एकसारखं होत जातं. म्हणून माझं ठाम मत झालंय: एकच सेन्सर असलेल्याने घसरणीपेक्षा सावरण्याचा टप्पा मन लावून मोजावा. तिथे आपली रेघ जागतिक निर्देशांकाशी जुळत जाते.

पंचगंगेचं पाणी चढतं रात्रीत आणि उतरायला दिवस घेतं, तसंच हे. सौर वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलं की वलयात नवी भर पडायची थांबते. पहिल्या काही तासांत बरेच कण दिवसाच्या बाजूने बाहेर निसटतात, रेघ भराभर वर येते. उरलेले अडकलेले आयन (विद्युतभारित अणू) वरच्या विरळ हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, उदासीन होतात आणि चुंबकीय पकडीतून सुटतात. जास्त ऊर्जेचे ऑक्सिजन आयन यात लवकर संपतात, तेवढ्याच ऊर्जेचे प्रोटॉन रेंगाळतात. आलेखाची शेपूट कित्येक दिवस लांबते ती त्यामुळेच.

खरा घाम निघाला तो रोजच्या फेरात. दुपारच्या सुमाराला आयनांबरातल्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातल्या) प्रवाहामुळे क्षेत्राचा आडवा, जमिनीला समांतर घटक रोज काही दशक नॅनोटेस्लांनी वाढतो. तो वजा केला नाही तर दुपारी वाटतं क्षेत्र सावरलं, संध्याकाळी पुन्हा घसरलं. शांत दिवसांची सरासरी काढून ती वजा केली, तेव्हा कुठे रेघ सरळ चढू लागली.

12ला दसरा. शेजारच्या गाड्या धुवायला, पूजेला बाहेर निघाल्या आणि आलेखात पायऱ्याच पायऱ्या. तो तुकडा वगळलाय. वाहनांचा हा त्रास जुनाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904मध्ये अलिबागला हलवावी लागली होती.

सांगली-मिरजेकडे कुणी तेव्हा नोंद घेतली असेल, तर 11 ते 15 तारखांची मिनिटाच्या सरासरीची फाइल द्या. दोन्ही रेघा एकावर एक ठेवून बघायच्या आहेत.