गटारलिली

न्यू जर्सीतलं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात, कुंपणाला लागून, पाच-सहा हात लांबीचा एक हिरवा गुंता होता. मार्चचा महिना. आजूबाजूला सगळं करडं, कडेला बर्फाचे मळके ढिगारे, आणि हा पठ्ठ्या मात्र जमिनीतून चार बोटं वर आलेला. पात कांद्यासारखी, पण समोरासमोर पंख्यासारखी पसरलेली. आधीच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. किल्ल्या हातात देताना त्यांनी तिकडे मान वळवून एवढंच सांगितलं, “त्याच्याकडे बघावं लागत नाही. ते आपलं आपण बघतं.”

मला वाटलं, म्हातारपणामुळे दुर्लक्ष झालंय, त्याचं समर्थन चाललंय.

जुलै लागला आणि त्या गुंत्यातून कमरेएवढे दांडे वर आले, त्यांवर नारिंगी फुलं. भगवी म्हणावी तर जरा विटकरी, घशात पिवळी. शेजारणीला नाव विचारलं तर ती नाक किंचित मुरडून म्हणाली, “डिच लिली.” डिच म्हणजे रस्त्याकडेचा चर. इकडे गावाबाहेर पडलं की चरांच्या कडेने मैलोन् मैल हीच फुललेली असते. मिरजेला आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे गटारातली लिली?” तेव्हापासून आमच्या घरात ती गटारलिली. फुलतेही नेमकी आषाढात, गटारीच्या आगेमागे.

पुस्तकी नाव मात्र भारदस्त आहे. हेमेरोकॅलिस. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली हे नाव कागदावर आणलं. दिवसाचं सौंदर्य, कारण एकेक फूल एकच दिवस टिकतं. आणि इंग्रजीत हिला डेलिली, म्हणजे दिवसाची लिली, म्हणत असले तरी ही लिली नव्हेच. खऱ्या लिलीला खाली कांदा असतो. हिला शतावरीसारखी जाड, फुगीर मुळं.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. या नारिंगी डेलिलीला बी धरत नाही. पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे बियांचं गणितच जुळत नाही. मूळची ती पूर्व आशियातली. सोळाव्या शतकात युरोपात पोचली, तिथून वसाहतवाल्यांच्या सामानातून अमेरिकेत आली. आणि हा सगळा प्रवास बियांशिवाय! म्हणजे दर टप्प्यावर कुणीतरी कुदळ मारून गड्डा फोडलाय, ओल्या फडक्यात गुंडाळलाय, बोटीत ठेवलाय, पुढच्या अंगणात लावलाय. माझ्या कुंपणापाशी जे उभं आहे ते कुणाच्या तरी झाडाचं पिल्लू नाही, त्याच झाडाचा तुकडा आहे.

हे कळायच्या आधी मी तिला उपटून टाकलं होतं, हेही सांगायला हवं. शेजारणीचं ते नाक. मला नावाची डेलिली हवी होती. नावांना इथे तोटा नाही. एक लाखाहून जास्त जातींची रीतसर नोंद आहे. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो स्टाउट नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षं संकर केले, आणि त्यानंतर हौशी लोकांनी या फुलाला साडीच्या दुकानासारखं करून सोडलं. झालर लावलेली, काठापदराची, आत जांभळा डोळा असलेली. इंडियानाच्या वॉल्टर याब्लोन्स्कींची बुटकी पिवळी ‘स्टेला द ओरो’ 1975 मध्ये नोंदली गेली आणि आता बँकेपासून पेट्रोल पंपापर्यंत जिकडेतिकडे तीच दिसते. ती मला नको होती. मी एक काळपट वाईन रंगाची आणली, एक साईसारखी. एकेका गड्ड्याला जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात चौघं जेवली असती.

पहिल्याच वर्षी हरणांनी कळ्या खाल्ल्या. हरणं काव्यात फार चांगली दिसतात. आमच्या इथे ती रात्री बिनदिक्कत अंगणात येतात आणि फुगलेल्या कळ्या शेवटच्या दोन बोटांपर्यंत खुडून, नुसते दांडे ठेवून जातात. साबणाच्या वड्या टांगल्या, सडक्या अंड्याच्या वासाचा फवारा आणला. फवारा पावसाने धुऊन जातो, आणि वास मात्र आपल्या घरात येतो. दरम्यान, जिथून गटारलिली उपटली होती तिथे तुटकी मुळं शिल्लक होती. पुढच्या वर्षी त्यांतून ती पुन्हा उभी राहिली, जरा जास्तच जोमाने. मग मी तिचा नाद सोडला, किंवा तिने माझा सोडला नाही.

डेलिलीची निगा म्हणाल तर ती फारशी नाही. पाच-सहा तास ऊन, फुलायच्या दिवसांत पाणी, दर तीन-चार वर्षांनी गड्डा फोडणं. रोजचं काम एकच: सकाळी कालची फुलं खुडायची. एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या, लहान-मोठ्या, एकाच घरातल्या भावंडांसारख्या. आजचं फूल उघडलेलं, त्याच्या शेजारी कालचं पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखं लोंबतंय, आणि त्याला चिकटून उद्याची कळी. सकाळी सहाला, चष्मा न लावता, कालचं फूल आणि उद्याची कळी अगदी सारखी दिसतात. दोन्ही मिटलेली, दोन्ही बोटभर. फरक बोटांना कळतो. कालचं मऊ आणि गार, हात लावला की सुटतं. उद्याची कळी भरीव असते, खुडताना ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, उद्याचं फूल गेलं. त्या काळपट जातीचं शिळं फूल तर बोटं बीट चिरल्यासारखी रंगवतं. मी तशीच ऑफिसच्या मीटिंगला बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिने राहायला आली आणि हे काम तिने ताब्यात घेतलं. परडी नव्हती, म्हणून स्ट्रॉबेरीचा डबा. कालची फुलं मातीत, आजची देवाला. पहिल्या दिवशी तिने फूल नाकाशी नेऊन बघितलं.

“वास नाही गं हिला.”

“जास्वंदीला तरी कुठे असतो?”

“जास्वंदीची गोष्ट वेगळी,” ती म्हणाली, आणि तेवढ्यावर विषय संपला. पण देव्हाऱ्यातलं फूल पाण्याशिवाय संध्याकाळपर्यंत तसंच टवटवीत राहतं हे दिसल्यावर तिचं मत बदललं. रात्री दिवे मालवताना ते मिटलेलं असायचं. “वेळेवर झोपतं,” असं ती माझ्याकडे बघून म्हणायची.

कुंपणापलीकडच्या घरी एक चिनी आजी, तीही मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली. तिच्याकडे पिवळी डेलिली. ती फूल उमलूच देत नसे; भल्या पहाटे कळ्या खुडायची, वाफवून चादरीवर वाळत घालायची. आईने ते कुरडया-सांडग्यांच्या नजरेने पाहिलं आणि दोघींची भाषेविना गट्टी जमली. वाळलेल्या कळ्यांना तिकडे ‘सोन्याच्या सुया’ म्हणतात, सूपमध्ये घालतात. आजीने मूठभर ताज्या कळ्या दिल्या. आईने मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, वर खोबरं घालून भाजी केली. कोवळ्या फरसबीसारखी लागली, शेवटी भेंडीचा जरासा बुळबुळीतपणा. (म्हणून लिली नावाचं दिसेल ते फोडणीला टाकू नका. खऱ्या लिल्यांतल्या काही विषारी असतात.)

आजीचा नातू मधे उभा राहून भाषांतर करायचा. त्यानेच सांगितलं की चीनमध्ये या फुलाला काळजी विसरायला लावणारं झाड म्हणतात. मुलगा दूरदेशी निघाला की आईच्या खोलीसमोर हे लावायचं, म्हणजे तिला चिंता लागत नाही. मी हे आईला मोठ्या कौतुकाने मराठीत सांगितलं. ती कळ्यांची देठं काढत होती. मान वर न करता म्हणाली, “झाड कशाला? रविवारी ठरल्या वेळी फोन केलास तरी पुरे.”

सप्टेंबरात तिच्या देखतच गड्डा फोडला. ह्यांनी फावडं मारलं ते उलटून आलं, इतकी मुळं एकमेकांत घट्ट विणलेली. शेवटी लाकूड कापायची करवत आणली. तुकडे झाले, पात वीतभर ठेवून छाटली. लावायची रीत अशी: खड्ड्यात मधोमध मातीची मूद करायची, तिच्यावरून मुळं वरणासारखी चारी बाजूंनी खाली सोडायची, आणि मूळ व पात मिळतात तो भाग इंचभरच मातीखाली ठेवायचा. जास्त खोल गेला तर पानं येतात, फुलं रुसतात. दहा-बारा तुकडे आम्ही परत लावले, पंधरा-वीस एडिसन गावातल्या मैत्रिणींना वाटले. एकीने नको म्हटलं. तिच्याकडे दोन मांजरी आहेत आणि डेलिली मांजरांच्या मूत्रपिंडांचा निकाल लावते. तिचं बरोबरच होतं.

तरी वीसेक उरले. आंब्याच्या पेटीचं एक जाड, चांगलं खोकं होतं, त्यात ते नीट लावले, वर ‘फुकट’ असा कागद चिकटवला आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. चारशे वर्षं जे हातोहात चालत आलंय त्यात आपलाही हात, असं काहीसं मनात होतं.

सकाळी आईने खिडकीतून हाक मारली. खोकं गेलं होतं. गड्डे तिथेच होते, कडेला नीट रचून ठेवलेले, वर ‘फुकट’चा कागद दगडाखाली.

दोन दिवस वाट पाहिली, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर ते सगळे समोरच्या चरात सारले आणि बुटाने थोडी माती लोटली. असं करू नये. काही राज्यांत तिला आगंतुक वनस्पतींच्या यादीत घातलंय, हे मला चांगलं माहीत आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला गेले तेव्हा चार-पाच गड्ड्यांनी मूळ धरून नवी पात काढली होती. आई अजून विचारते ते खोक्याचं. तिला त्यातून परत जाताना लोणच्याच्या बरण्या न्यायच्या होत्या.