रिव्हॉल्व्हरचा परवाना मागितला, त्यांनी सातबारा मागितला

फौजेत सतरा वर्षं काढली. इन्सास रायफल झाली, कार्बाइन झाली, कोतातून (युनिटच्या शस्त्रागारातून) हत्यार काढणं आणि जमा करणं तर रोजचंच. पेन्शनवर आल्यावर स्वतःच्या पैशानं एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं, तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मेजर, जमीन किती तुमच्या नावावर?"

मी पेट्रोल पंपावर मॅनेजर आहे. रोकड बँकेत भरायला मोटारसायकलवरून जावं लागतं. एकदा दोघांनी बराच लांब पाठलाग केला होता. तेव्हा ठाण्यात जाऊन नोंद केली, तीच पुढे कामाला आली. नुसतं "जीवाला धोका आहे" असं लिहून भागत नाही, कागद लागतो. पंपमालकाचं पत्रही जोडा.

ऑनलाइन अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज बुकाची प्रत, सगळं विनासायास झालं. जिल्हाधिकारी कार्यालयातून फाइल चौकशीसाठी ठाण्यात गेली आणि तिथंच बसली.

जमीन वडिलांच्या नावावर. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. माझ्या नावाचा सातबारा आणू कुठून? "ऐपत बघावी लागते," असं उत्तर. पुढच्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. त्यानंतर साहेबांची बदली. नवीन साहेबांनी फाइल उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून: जमीन किती? मी म्हटलं, साहेब, रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, सोसायटीचं कर्ज नाही. ते हसले, पण फाइल हलली नाही. समोरच्या बाकड्यावर बसून बसून ठाण्यातल्या चहावाल्याशी माझी ओळख झाली, तो पैसे घेईना. घरी बायको म्हणायची, सोडा तो नाद. मला मात्र आता रिव्हॉल्व्हरपेक्षा त्या सातबाऱ्याचाच राग जास्त होता.

शेवटी आमच्यातल्याच एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी १९५९ चा शस्त्र कायदा समोर ठेवला. कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. आणि कलम १३ म्हणतं, पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर परवाना देणारा अधिकारी त्याची वाट न बघता निर्णय घेऊ शकतो. दोन्ही कलमं घालून जिल्हाधिकारी कार्यालयात साधा अर्ज दिला, एक प्रत ठाण्यात. दोन्हीकडे पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचंच नाही, हे आधीच सांगायला हवं होतं.

त्यानंतर अहवाल गेला. सातबाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. नाकारलं असतं तर कारण लेखी मागता येतं आणि विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. माझी ती तयारी होती.

परवाना हातात आल्यावर मात्र फौजीची गंमत होते. ज्या ९ एमएमवर हात बसला, तो बोअर (नळीचा आतला व्यास) सिव्हिलियनला वर्ज्य. मग पॉइंट ३२. मी कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं. पिस्तूलही बघितलं होतं, पण मला सिलिंडर उघडून गोळ्यांची सहाच्या सहा घरं डोळ्यांनी दिसलेली बरी वाटतात. दुकानात रिकाम्या हत्याराचा ट्रिगर दाबून बघा (दुकानदाराला विचारून). हॅमर (मागचा घोडा) आधी न चढवता तो चांगलाच जड जातो. बोट आखूड असेल तर तिथंच कळतं. बिलावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर बॅटरीच्या उजेडात जुळवून घेतला, तेव्हा दुकानदार म्हणाला, फौजी वाटतं.

बाळगायचं ते होल्स्टरमध्ये, शर्टाखाली झाकून. लग्नात कमरेला दिसेल असं लावून फिरणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनाही ते चालत नाही. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षं झालीय, आधी तीन होती. खरेदीनंतर हत्याराची नोंद परवान्यावर करून घ्यायला विसरू नका.

निवडणूक लागली की ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येतो. पावती घ्या आणि नंबर तिथंच वाचा. माझ्या पावतीवर हत्याराच्या नंबरच्या जागी परवान्याचा नंबर लिहिला होता. खोडून, सही घेऊन, दुरुस्त करून घेतला. हवालदार वैतागला, वैतागू दे.