हा फोटो कुणाचा?

चाकणला आमच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिनं तपासायच्या खोलीत, नवा आलेला प्रत्येक ट्रेनी आठवड्याभरात विचारतोच, "मॅडम, टेबलावरचा फोटो कुणाचा? आजी का?" नाही रे बाबांनो. माझ्या आजीनं साधी सायकलही कधी चालवली नाही. ही अमेरिकेची कार-शर्यतपटू जॅनेट गथ्री. पुन्हापुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

शिक्षणानं फिजिक्सवाली, पोटासाठी विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तेरा वर्षं स्पोर्ट्स कार पळवल्या, जुन्या जॅग्वारचं इंजिन खोलायचं-बांधायचं तेही स्वतःच. माझा जीव जडला तो इथे.

१९७६ साली ती इंडियानापोलिसला, तिथल्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीसाठी गेली, पण मिळालेली गाडी काही पळेना. 'बाईला जमत नाही' म्हणायला लोक टपलेलेच. तेवढ्यात ए. जे. फॉइट या नामांकित शर्यतपटूनं आपली जादा गाडी सरावापुरती दिली, आणि त्या गाडीतून तिनं पात्रतेला पुरेल असा वेग काढून दाखवला. खोट कुठे होती ते कळलं. शर्यतीसाठी मात्र ती गाडी मिळाली नाही.

मग त्याच महिन्यात शार्लटला स्टॉक कार (नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या जड गाड्या) शर्यत, ६०० मैल. पॉवर स्टीअरिंग नसलेलं ते धूड बाईच्या हातांना इतका वेळ झेपणार नाही, असं भाकीत झालं होतं. सत्ताविसावी सुटली, पंधरावी आली.

१९७७ च्या डेटोना ५०० या स्टॉक कारच्या मोठ्या शर्यतीत दहाएक फेऱ्या उरल्या असताना ती आठवी होती. इंजिनाचे दोन सिलिंडर गेले, तरी बारावी आली आणि नवोदितांत पहिली. त्याच वर्षी ब्रिस्टलला सहावी. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत त्यानंतर कुठल्याही बाईला त्याच्या पुढे जाता आलेलं नाही. २०१४ मध्ये डॅनिका पॅट्रिक या शर्यतपटूनं अटलांटाला बरोबरी केली, तेवढीच.

१९७८ मध्ये मोडलेलं मनगट लपवून ती इंडियानापोलिसला नववी आली. तरी प्रायोजक आटतच गेले. चांगलं इंजिन, नवे टायर, शर्यतीत गाडीचे टायर-इंधन बघणारा सरावलेला पिट क्रू, सगळं पैशानं येतं. १९८० पर्यंत स्टॉक कारच्या ३३ शर्यती झाल्या आणि तिथेच थांबलं.

एवढं ऐकून एखादा म्हणतोच, "म्हणजे मॅडम, जिंकली एकही नाही ना?"

त्याला मी डायनोवरचं, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावरचं, इंजिन खोलायला देते.