सकाळी दहा ते दुपारी चार, बगीचा बंद

आमच्या वस्तीतल्या बगीच्याच्या फाटकावर वेळेचा फलक आहे: सकाळी पाच ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ. गेली चौदा वर्षे मी तिथे सकाळी फिरायला जाते, पण त्या फलकाकडे माझे कधी नीट लक्ष गेले नव्हते, कारण त्यावरच्या वेळा माझ्याच सोयीच्या होत्या. मागच्या मे महिन्यात बँकेचे काम आटोपून दीडच्या सुमारास परत येत असताना फाटकाबाहेरच्या कठड्यावर एक बाई डबा उघडून बसलेल्या दिसल्या. डब्यात दोन पोळ्या, कांदा आणि आंब्याच्या लोणच्याची एक फोड होती. कठडा इतका तापला होता की त्यांनी कापडी पिशवीची चौपदरी घडी करून ती खाली घेतली होती. त्यांच्या पाठीमागे, गजांच्या आत, कडुनिंबाच्या दाट सावलीत तीन बाके रिकामी होती.

त्या आमच्याच भागातल्या चार घरची धुणी-भांडी करतात. सकाळची कामे बाराला संपतात, दुपारची तीनला सुरू होतात, आणि मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचे तर ऑटोचे चाळीस रुपये जातात. मी विचारले की एखाद्या स्कीमखाली, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीखाली, सावलीत का बसत नाही. त्या म्हणाल्या, "स्कीमच्या पार्किंगमध्ये बसलो तं चौकीदार विचारते, कोणाकडे आल्या म्हणून. इथं कोणी विचारत नाही, ताई."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. जागा सार्वजनिक आहे की नाही हे तिच्या मालकीच्या कागदावरून जेवढे ठरते, त्याहून अधिक ते तिथे बसलेल्या माणसाला 'का बसलात' असे विचारले जाते की नाही यावरून ठरते, असे मला आता वाटू लागले आहे. नागपुरात कोणत्याही चौकातल्या पानठेल्यावर पुरुष खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटून मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही तासभर उभे राहतात, आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. बाई मात्र कारण हातात घेऊनच घराबाहेर पडते. भाजीची पिशवी, मुलाची शाळा, देवळातली आरती, डॉक्टरांनी सांगितलेले चालणे, यांपैकी काहीतरी सोबत लागतेच. मी स्वतः चौदा वर्षे त्या बगीच्यात चालले, पण नुसती बसले अशी एकही सकाळ मला आठवत नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी मुली येतात हे खरे, आणि ते पाहून मला मनापासून बरे वाटते. पण त्या बहुधा घोळक्याने येतात, आणि अंधार पडू लागला की मुलांचे घोळके तिथेच राहतात व मुली निघतात.

महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत माझ्या सासूबाईंच्या पिढीला निदान ओटा होता. निवडायचे तांदूळ ताटात घेऊन त्या ओट्यावर बसत आणि अख्खी गल्ली त्यांच्या नजरेखालून जाई. वाडे पाडून स्कीमा उभ्या राहिल्या, तेव्हा ओटे गेले आणि त्यांच्या जागी पार्किंग आले.

याच शहरात मी याच्या अगदी उलटही पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. आमच्या घरी त्या दिवसांत 'तिकडून जाऊ नका, गर्दी असते' असे सांगितले जाई, आणि आम्ही ते निमूटपणे मानत असू. त्या सांगण्यामागे गर्दीखेरीज आणखी काय होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. दीक्षेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००६ मध्ये, मी एका मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा तिथे गेले. रात्रीचे अकरा वाजले होते. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाया फुटपाथवर चादर अंथरून, उशाशी पुस्तकांची पिशवी घेऊन निवांत झोपल्या होत्या. नागपूरच्या रस्त्यावर बाईला इतके निर्धास्त झोपलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पोलीस बंदोबस्त होता, पण तो निर्धास्तपणा बंदोबस्तातून आलेला नव्हता. आजूबाजूचे हजारो लोक आपले आहेत या खात्रीतून तो आलेला होता. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी ज्यांना मार खावा लागला, त्यांच्या नातवंडांची ती गर्दी होती. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो इतका तपशीलवार का करावा लागला, हे मला त्या फुटपाथवर उमगले.

बगीचा दुपारी उघडा ठेवावा असा अर्ज आम्ही अकरा जणींनी सही करून दिला. दुपारी उघडा ठेवला तर जोडपी येऊन बसतात, असे तोंडी उत्तर मिळाले. आमच्यातल्या दोघींना ते पटले आणि त्यांनी पुढच्या अर्जावर सही केली नाही. मला ते पटले नाही. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहतात, तिथल्या मुलामुलींनी चार शब्द बोलायला जावे कुठे? आणि त्यांना बाहेर ठेवण्यासाठी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एका कष्टकरी बाईने तापलेल्या सिमेंटवर बसून जेवावे, हे कोणत्या हिशेबात बसते? दुसऱ्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

त्या बाई अजूनही तिथेच बसतात. कडुनिंबाची एक फांदी कुंपणावरून बाहेर आली आहे आणि दोन वाजल्यानंतर तिची सावली कठड्याच्या डाव्या टोकापर्यंत पोहोचते, म्हणून त्या आता डबा उशिरा उघडतात.