चाळकेवाडीचं वारं मोजायला जाताय? मग हे वाचून जा

चाळकेवाडी म्हणजे साताऱ्याजवळचं पवनचक्क्यांचं पठार. एप्रिलमधे गेलेलो तेव्हा निम्मे पंखे नुसते उभे, आम्ही कातळावर सरडे बघत बसलो (गळ्याखाली निळा-केशरी पंखा असलेले, वारं नसलं तरी त्यांचे चालू). आता जुलैत गेलो तर जीपचं दार हातातून हिसकावलं गेलं आणि धुकं असं की पवनचक्कीच्या बुडाशी उभं राहून पातं दिसेना, नुसता सूं सूं आवाज.

रस्ता सोपा आहे, साताऱ्यातून बोगदा, सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर आणि मग वर. खाऊन घ्या खालीच.

मित्राच्या मास्टचा (वारं मोजायचा उंच खांब) डेटा काढायचा होता. नवीन लोक सगळे वर्षाची सरासरी विचारतात, तिथेच फसतात. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात जाते ना. एका जागी वर्षभर एकसारखं 6 मीटर प्रतिसेकंद वाहिलं तर 6 चा घन 216, दुसरीकडे निम्मं वर्ष 3 आणि निम्मं वर्ष 9 असेल तर सरासरी तीच 6 पण घनाची सरासरी 378, म्हणजे पावणेदोन पट! आपल्या घाटमाथ्यावर पावसाळाच सगळा धंदा करतो, त्यामुळे एका ट्रिपमधे मत बनवू नका, निदान पूर्ण एक वर्षाचं रेकॉर्ड हवंच. आणि हो, 1100 मीटरच्या आसपास हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 10 टक्के विरळ, म्हणजे ताकदही तेवढी कमी, ते वजा करायला लोक विसरतात.

ग्लोबल विंड अ‍ॅटलास (वाऱ्याचा ऑनलाइन नकाशा) फुकट आहे, आधी बघून जा, पण तो 250 मीटरच्या चौकोनाला एक आकडा देतो, कड्याची धार त्यात कुठली बसायला. हातातला अ‍ॅनेमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मी हौसेने नेलेला, जीपच्या आडोशाला धरला आणि भलतेच आकडे लिहून घेतले, वर परत हसं झालं.

मास्टवर एकाच उंचीवर दोन कप (वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांचे अ‍ॅनेमोमीटर) असतील तर दोघांचे आकडे दिशेप्रमाणे जुळवून बघा. आमचा एक पश्चिमेच्या वाऱ्यात सतत कमी दाखवत होता, दोन तास बेअरिंगला शिव्या घातल्या, निघाली खांबाची सावली. कप खांबाच्या मागे येत होता.

लॉगरची (आकडे साठवणारं यंत्र) पेटी पावसात उघडायची तर दोघं जण लागतात, एकाने ताडपत्री धरायची. छत्री नेऊ नका. माझी कोयनेकडे गेली.